कांठावरचा काळिमा

लहान वस्तूंविषयीं मोठा वाद घालणें कित्येकांस हास्यास्पद वाटतें. पाइपचा कांठ काळा पडला तर पडला. त्यावर मासिकाचीं चार पानें खर्चीं घालण्याइतका तो विषय महत्त्वाचा आहे काय, असा प्रश्न हें शीर्षक वाचतांच आमच्या पुष्कळ वाचकांच्या मनांत उभा राहील. तंबाखूच्या साधनाची निगा कशी राखावी हें सांगणें म्हणजे व्यसनाचीच तरफदारी होय, असाहि आक्षेप निघेल. या दोन्ही आक्षेपांस आम्ही यथाक्रम उत्तर देणार आहों. तूर्त एवढेंच सांगतों कीं, आमचा वाद घांसण्याशीं आहे. जें जें काळें तें तें मळकें, आणि जें मळकें तें खरवडून काढावें, हा जो समज आमच्या सुशिक्षित घरांत रूढ झाला आहे, त्यापायीं पाइपचे कांठ तर बिघडतातच. पण या शहरांतल्या एका जुन्या कलेचे नमुने आमच्या डोळ्यांदेखत विद्रूप होत आहेत.

गेल्या दिवाळीच्या आधीं आठ दिवस गुलमंडीजवळ राहणाऱ्या एका स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा आम्हांस प्रसंग आला. घरांत सफाईचा धडाका चालला होता. समया, तांब्याचे हंडे, पितळी डबे अंगणांत मांडले होते आणि चिंच, राख व काथ्या यांच्या साह्यानें एकेकाचा उद्धार होत होता. त्याच रांगेंत त्यांच्या आजोबांच्या वेळची बिदरी गुडगुडी होती, व तिच्या शेजारीं वडिलांचा लांकडी पाइप होता. दोहोंचेंहि काम केव्हांच संपलें आहे. त्या घरांत आतां कोणी तंबाखू ओढीत नाहीं, ही समाधानाचीच गोष्ट. परंतु त्या दिवशीं दोहोंसहि चकचकीत करण्याचा निश्चय झाला होता. पाइपचा काळा पडलेला कांठ पॉलिशपेपरनें घांसून पांढुरका केला होता, आणि गुडगुडीचें काळेंकुळकुळीत अंग चिंचेनें घांसून करड्या रंगाचें झालें होतें. "काय म्हणतां, अगदीं नव्यासारखें झालें कीं नाहीं?" असें स्नेह्यांनीं मोठ्या हौसेनें विचारलें. आम्ही गप्प बसलों. त्यांस दुखवावें असें वाटेना. पण त्या गप्प बसण्याची टोचणी अजून गेलेली नाहीं, म्हणून हा लेख.

प्रथम पाइपचा कांठ घेऊं. काळिमा या एका नांवाखालीं आपण दोन अगदीं भिन्न गोष्टी मोजतों, व सगळा घोटाळा तेथूनच सुरू होतो. पहिली गोष्ट म्हणजे थर. तंबाखू जळतांना धुराबरोबर डांबरासारखा चिकट अंश वर येतो. वाटीच्या तोंडाशीं तो थंडावतो आणि कांठावर जमतो. हा थर लांकडाच्या वर बसलेला असतो. त्याच्या खालचें लांकूड शाबूत असतें. दुसरी गोष्ट म्हणजे होरपळ. येथें ज्योत प्रत्यक्ष कांठास लागलेली असते, आणि लांकडाचाच कोळसा झालेला असतो. पहिला काळिमा पाहुणा आहे. त्यास निरोप देतां येतो. दुसऱ्या प्रकारांत मूळचें लांकूडच उरलेलें नाहीं; तें घांसून कोठून परत येणार? दोहोंतला भेद ओळखणें कठीण नाहीं. मऊ फडकें किंचित् ओलें करून बोटास गुंडाळावें व कांठावरून हळू फिरवावें. फडक्यावर तपकिरी डाग उतरला तर तो थर समजावा. कांहींच न उतरतां बोटास कांठ खडबडीत व खचलेला लागला, तर ती होरपळ. ही परीक्षा घेण्यास अर्धें मिनिटहि लागत नाहीं. पण हातीं पॉलिशपेपर असलेल्या मनुष्यास तेवढाहि धीर नसतो, असा आमचा अनुभव आहे.

चांगल्या पाइपचें लांकूड म्हणजे भूमध्यसमुद्राच्या किनाऱ्यावरील एका झुडपाच्या मुळाशीं वाढणारी गांठ होय. ती कापून, उकळून, महिनोन् महिने वाळवून मगच तिच्यांतून पाइप कोरतात. उष्णता सोसण्याविषयीं या लांकडाची ख्याति आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु सोसण्यासहि मर्यादा असते. वाटीच्या आंतल्या बाजूस हळूहळू कोळशाचा एक पापुद्रा धरतो व तो लांकडास विस्तवापासून वांचवितो. कांठास मात्र असें कवच नसतें. म्हणून सगळ्या पाइपांत जळण्याची भीति कांठासच अधिक.

आतां हा कांठ काळा कोण करतो? तंबाखू करते, असें उत्तर सर्वत्र मिळतें. आमचें उत्तर निराळें आहे. कांठ काळा होतो तो बव्हंशीं ओढणाराच्या उतावीळपणानें. वाटी कांठोकांठ भरली म्हणजे पेटवितांना तंबाखू फुगून वर येते व निखारा कांठाबाहेर लोंबतो. ती थोडी खालीं ठेवून भरली असती तर हा प्रसंग आला नसता. काडी ओढली कीं ती तशीच कडेवर टेकविण्याची संवय बहुतेकांस असते. काडीच्या टोंकाचा भडका शमूं द्यावा, मग ज्योत वाटीच्या मधोमध धरून झुरक्यानें ती खालीं ओढून घ्यावी, ही साधी रीत पाळली जात नाहीं. हल्लींचे कांहीं लायटर तर ज्योतीचा फवाराच सोडतात. ते गॅसच्या शेगडीस योग्य, लांकडास नव्हेत. भर वाऱ्यांत पाइप पेटविला म्हणजे ज्योत एका अंगास झुकते आणि कांठाची तीच बाजू पुनःपुन्हां भाजते. एकदां पेटल्यावर भात्यासारखे भराभर झुरके घेतले म्हणजे वाटी तापते आणि थरहि दाट बसतो. शेवटीं राख झाडण्यासाठीं कांठच दगडावर आपटतात. इतकें सगळें आपण करावें, आणि दोष मात्र तंबाखूस व लांकडास द्यावा, हा कोठला न्याय?

निगा म्हणून जी कांहीं राखावयाची ती या सर्व गोष्टींच्या आधीं राखावयाची असते. मागाहून करावयाचें काम फार थोडें आहे. पाइप निवत आला, पण अजून कोमट आहे, अशा वेळीं ओलसर मऊ फडक्यानें कांठ पुसावा. त्या वेळीं थर मऊ असतो व सहज सुटतो. रोज पुसणारास खरवडण्याची वेळ येत नाहीं. जुना थर असेल तर तेंच काम चार दिवस थोडें थोडें करावें. फडकें भिजवून निथळत वापरूं नये, कारण पाण्यानें लांकूड फुगतें व वरचा रंग जातो. होरपळ असेल तर ती तशीच राहूं द्यावी, व पुढें वाढणार नाहीं अशी खबरदारी घ्यावी. पॉलिशपेपरनें काय साधतें? कोळशाबरोबर भोंवतालचें चांगलें लांकूडहि जातें, कांठाची घडण बिघडते, कारागिरानें दिलेली गोलाई सपाट होते, आणि उघड्या पडलेल्या कोऱ्या लांकडास पुढच्या ज्योतीचा चटका पहिल्याइतकाच बसतो. डाग घालविण्यासाठीं कापड फाडणाऱ्या परटास आपण शहाणा म्हणत नाहीं. मग याच न्यायानें पाइप घांसणारास काय म्हणावें?

आमच्या या म्हणण्याचा विपरीत अर्थ करणारा दुसरा एक पंथ आहे, त्याचाहि येथेंच समाचार घेणें अवश्य आहे. हे लोक म्हणतात कीं, काळिमा हीच जुन्या वस्तूची शोभा. तीस हात लावूंच नये. या मताच्या पुष्टीसाठीं ते तुर्कस्तानांतल्या पांढऱ्या, हलक्या, समुद्राच्या फेंसासारख्या दिसणाऱ्या दगडाच्या पाइपचा दाखला देतात. तो पाइप वापरतां वापरतां पांढऱ्याचा पिवळा, पिवळ्याचा मधासारखा व पुढें तांबूस तपकिरी होतो, आणि या रंगासाठींच शोकी लोक त्यास जपतात, हें खरें आहे. पण तो रंग दगडाच्या अंगांत आंतून मुरत गेलेला असतो. कांठावर ज्योतीनें पाडलेल्या डागास त्याहि पाइपच्या बाबतींत कोणी भूषण मानीत नाहीं. मुरलेला रंग व चिकटलेली घाण यांत ज्यांस अंतर दिसत नाहीं, ते आळसाला रसिकता असें नांव देत आहेत, एवढेंच आम्ही म्हणूं. सगळें घांसणारा आणि कांहींच न पुसणारा हे दोघेहि विचार करण्याचे श्रम टाळतात. भेद फक्त हाताच्या चळवळीचा आहे.

येथपर्यंत पाइपविषयीं झालें. पण कांठाच्या या प्रश्नाचें आमच्याच दक्षिणेंत फार पूर्वीं सांपडलेलें एक उत्तर आहे, आणि तें त्या अंगणांतल्या रांगेंत पाइपच्या शेजारींच चिंचेंत माखून पडलें होतें.

उत्तरेकडील मोगल दरबारांत तंबाखू गेली ती आमच्या दक्षिणेंतून. अकबराचा अधिकारी असदबेग हा विजापुरास वकील म्हणून गेला होता. आदिलशाही राजकन्येस आणून तिचें शाहजादा दानियाल याशीं लग्न लावून देण्याची ती कामगिरी. आणि तें लग्न १६०४ सालीं गोदातीरीं पैठण येथें, म्हणजे या आमच्या शहरापासून सुमारें पन्नास किलोमीटरांवर लागलें. असदबेगानें परत जाऊन बादशहापुढें विजापुरची तंबाखू व ती ओढण्याची रत्नजडित नळी ठेवली. तंबाखू जाळण्याची तिची वाटी सोन्याची होती, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. हकीमानें हरकत घेतली, तरी बादशहानें दोनचार झुरके घेतलेच. पुढें जहांगिरानें १६१७ सालीं तंबाखूस मनाई केली. ती कितपत मानली गेली हें पुढच्या तीनशें वर्षांतल्या हुक्क्यांवरून दिसतेंच आहे.

सोन्याची वाटी बादशहास शोभते. ती काळी पडली तर घांसावयास नोकर होते, आणि बिघडली तर दुसरी घडविण्यास खजिना होता. सामान्य गृहस्थासाठीं कारागिरांनीं जी गुडगुडी सिद्ध केली, तिच्या रचनेंत मात्र त्याहून मोठें शहाणपण आहे. सगळ्यांत वर चिलीम, व ती बहुधा मातीची. निखारा तिच्यांत, होरपळ, थर, काजळी सगळें तिच्याच कांठास. ती खराब झाली तर चुलींत भाजून घ्यावी, फुटली तर कुंभाराकडून दुसरी आणावी. युरोपांतहि मातीचे पाइप लोखंडी चौकटींत घालून भट्टींत भाजून पांढरे करीत असत. मातीस तें सोसतें. चिलमीच्या खालीं लांब दांडा, आणि सर्वांच्या खालीं पाण्यानें भरलेलें भांडें. कारागिरानें आपलें सगळें कसब ओतलें तें या भांड्यावर. कारण तेथें विस्तव पोंचत नाहीं. विस्तवाच्या तोंडीं स्वस्त माती द्यावी आणि मोलाची वस्तु पाण्याच्या आश्रयास ठेवावी, ही त्यांतली योजना. कांठ स्वच्छ कसा करावा हा प्रश्न त्या लोकांनीं सोडविला तो असा. घांसण्याची वेळच येऊं नये अशी तजवीज त्यांनीं आधींच करून ठेविली होती.

हें भांडें बिदरीचें असे तेव्हां आणखी एक नवल घडे. बिदरी काम मूळचें बिदरचें. बिदर व औरंगाबाद हीं दोन्ही शहरें १९४८ पर्यंत निजामाच्या एकाच राज्यांत होतीं, आणि १९५६ च्या प्रांतरचनेनें तीं वेगळ्या राज्यांत गेलीं. पण कलेस सीमा ठाऊक नसते, आणि आमच्या शहरांतहि बिदरीचें काम करणारे हात आहेत. या कामांत जस्त पुष्कळ व तांबें थोडें असा ओतीव धातु घेतात. भांडें रेतीच्या सांच्यांत ओतून कानशीनें साफ करितात. मग मोरचुदाचें पाणी लावून अंग तात्पुरतें काळें करितात, तें एवढ्याचसाठीं कीं, छिन्नीनें कोरलेली पांढरी रेघ कारागिरास स्पष्ट दिसावी. त्या रेघांत चांदीची तार वा पत्रा ठोकून बसवितात व सर्व पृष्ठभाग पुन्हां घोटून सारखा करितात. या वेळीं सगळें भांडें पांढरेंच असतें. चांदी कोणती व जस्त कोणतें हें सहसा ओळखूं येत नाहीं. शेवटीं तें थोडें तापवून त्यावर बिदरच्या किल्ल्यांतली सोरायुक्त माती व नवसागर यांचा लेप चोळतात. लेप धुऊन काढला कीं जस्ताचें अंग गडद काळें होतें, आणि चांदी जशीच्या तशी शुभ्र राहते. मग तेलाचा हात फिरवितात, तेव्हां तें काळेपण खुलतें.

म्हणजे पाहा: पाइपच्या कांठावर जें बेसावधपणें येतें, तेंच येथें दहा पायऱ्या चढून, जाणून बुजून, शेवटचा संस्कार म्हणून आणिलें जातें. हें काळेपण नसेल तर बिदरी म्हणून कांहीं उरतच नाहीं. चांदीची वेलबुट्टी उमटते ती त्याच्या पाठबळावर. आणि आमचे लोक चिंच, लिंबू, राख, पितळ उजळण्याची पूड घेऊन नेमक्या याच काळेपणावर तुटून पडतात! चिंचेंतलें आम्ल पितळेवरचा कळकटपणा काढतें, हें खरें. पण जस्तास तें खाऊन टाकतें. पहिल्या घासण्यांत काळा रंग विटतो, दुसऱ्यांत करडा होतो, आणि पुढें पुढें चांदीची तार सैल होऊन निघूं लागते. मग घरचीं माणसें म्हणतात कीं, जुनी वस्तु, झिजलीच असेल. ती झिजलेली नसते. ती झिजविलेली असते.

या वस्तूची खरी निगा पाइपच्या कांठाच्या निगेहूनहि सोपी आहे. कोरड्या मऊ कापडानें धूळ पुसावी. वर्षांतून एकदोनदां खोबरेल तेलाचे चार थेंब कापडावर घेऊन अंगास चोळावे व जादा तेल टिपून घ्यावें. चांदी काळवंडली असेल तर त्याच कापडानें तेवढ्या नक्षीवर हलक्या हातानें घोटावें. पाणी आंत सांठवून फुलें ठेवूं नयेत. काळें अंग उडालेंच असेल, तर तें घरीं रंग फांसून झांकूं नये; बिदरीचें काम जाणणाऱ्या कारागिराकडे न्यावें. त्यास तो लेप पुन्हां देतां येतो, आणि आपल्या चार पैशांनीं त्याच्या हातास कामहि मिळतें. या शहरांत येणारे प्रवासी बिदरीच्या लहानशा डब्या हौसेनें विकत नेतात. आणि आपल्या फडताळांतली जुनी बिदरी आपण चिंचेंत बुडवितों, याची लाज आम्हांस वाटावयास नको काय?

यावर एक उत्तर आम्हांस ऐकूं येतें: "आम्हांस हें कोणीं सांगितलें होतें? आम्हीं चांगल्या हेतूनेंच केलें." हेतूविषयीं आमची तक्रार नाहींच. पण चांगल्या हेतूनें वस्तु वांचती, तर अजिंठ्याचीं चित्रें पाहणारास ही कहाणी ऐकावी लागली नसती. १९२० च्या सुमारास निजाम सरकारनें चेकोनी व काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांस तेथें आणविलें. त्यांनीं सुटणारे पोपडे चिकटवून पुष्कळ चित्रें वांचविलीं, याचें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. परंतु चित्रांच्या रक्षणासाठीं वर जें लाखेचें रोगण चढविलें, तेंच कालांतरानें पिवळें व काळसर पडलें, आणि तें उतरविण्यासाठीं पुढें पुरातत्त्व खात्यास वर्षानुवर्षें खपावें लागलें. तज्ज्ञांच्या सद्धेतूची जेथें ही गत, तेथें काथ्या हातीं घेतलेल्या सद्धेतूनें किती सावध असावें!

आतां आरंभीं सांगितलेला तो दुसरा आक्षेप. तंबाखूपासून तोंडाचा, घशाचा व फुफ्फुसाचा कर्करोग होतो, हें आज निर्विवाद आहे. पाण्यांतून येणारा हुक्क्याचा धूर निरुपद्रवी असतो, हा समजहि खोटा ठरला आहे. सार्वजनिक जागीं धूम्रपानास देशभर बंदी आहे, व महाराष्ट्रांत २०१८ सालीं हुक्का-पार्लरांवरहि कायद्यानें बंदी आली. हें सर्व योग्यच झालें. जो अद्याप पाइप ओढतो, त्यास आमचें सांगणें एवढेंच कीं, कांठावर जो चिकट थर तुम्हांस इतका खटकतो, तोच तुमच्या श्वासनलिकेंतहि उतरत आहे, आणि तेथें फडकें पोंचत नाहीं. कांठ स्वच्छ राखण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय पाइप न पेटविणें हाच होय. पण व्यसन गेलें म्हणून वस्तूहि मोडीत घालावी, हें मात्र आम्हांस मान्य नाहीं. तलवारीचें युद्ध संपलें म्हणून आपण तलवारी चिंचेनें घांसून विळ्या करीत नाहीं. उलट गुडगुडी आज विस्तवापासून कायमची सुटली आहे, आणि नुसती कलाकृति म्हणून घरांत नांदूं शकते; तिला आतां भय उरलें आहे तें केवळ तिच्या मालकाच्या स्वच्छतेचें.

मोलकरणीस किंवा मुलांस दोष देऊन या पापांतून सुटतां येणार नाहीं. भांडें त्यांच्या हातीं देणारे आपण आहों, आणि वाचणारे लिहिणारेहि आपणच आहों. काळें दिसतांच हात उगारण्याआधीं हें कोणीं आणिलें, कशासाठीं आणिलें, आणि तें वर आहे कीं आंत मुरलें आहे, हे तीन प्रश्न विचारावे, एवढीच आमची मागणी आहे. उतावीळपणानें आलेला काळिमा आधींच टाळावा. आलाच तर कोमट असतांना पुसावा. आणि कारागिरानें श्रमानें आणिलेल्या काळिम्यापुढें हात आंवरावा. आमच्या त्या स्नेह्यांस हा अंक आम्ही स्वतः नेऊन देणार आहों. त्या दिवशीं तोंडानें सांगण्याचें धैर्य झालें नाहीं. आतां लिहून सांगितलें आहे. येत्या दिवाळीस त्यांच्या अंगणांतल्या रांगेंत समया असाव्या, हंडे असावे. गुडगुडी मात्र कोनाड्यांतच राहावी, आणि तोंपर्यंत कोणा जाणत्या कारागिराच्या हातून तिचें हरवलेलें काळेपण तिला परत मिळालेलें असावें, एवढीच आमची इच्छा आहे.